चौकातली देवी कुठे गेली? भिंतीवरच्या चित्रांचा छोटा इतिहास

विरार-डहाणू लोकलमध्ये दाराजवळ उभे असाल किंवा बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरायची वाट बघत असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित मजकूर. बोलताना मी जे 'म्हणजे बघा, म्हणजे बघा' करतो ते बरंचसं कापलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे भिंती. कंपनीच्या रिसेप्शनची भिंत, विमानतळाची भिंत, सरकारी इमारतीची भिंत. तिथे चित्र असतं, आपण त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढतो आणि पुढे जातो. पण ते चित्र तिथे आलं कसं? निवडलं कोणी? पैसे कुठल्या खात्यातून गेले? आणि काढणाऱ्याचं नाव कुठे गेलं?

हे सगळं मला आधी कधीच सुचलं नव्हतं. सुचलं ते एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती. तिथूनच सुरू करतो.

माझा एक थम्ब्स-अप

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दोन वर्षांपूर्वी आमचं नवीन ऑफिस झालं. तीन जणांची एक समिती नेमली आणि 'तू तरुण आहेस, तुला डिझाईनचं कळतं' असं म्हणून मला त्यात घातलं. बीटेकला डिझाईनचा एकही पेपर नव्हता, पण नाही कोण म्हणणार?

साहेबांची इच्छा होती की रिसेप्शनला 'काहीतरी लोकल' पाहिजे. पालघर जिल्ह्यात लोकल म्हणजे काय, तर वारली. एक्सेल शीटमध्ये एक ओळ होती, 'वॉल डेकोर'. तिच्या वर 'पडदे', तिच्या खाली 'कुंड्या'. व्हेंडरने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवली. गेरू रंगाची पाटी, पांढऱ्या आकृत्या, गोल नाच, झाडं, मधोमध नक्षीचा मोठा चौकोन आणि त्या चौकोनात आमच्या कंपनीचा लोगो. मी तेव्हा एका सर्व्हरच्या भानगडीत होतो. अंगठा दाखवला आणि विसरून गेलो. आठवड्याभरात व्हिनाईलचा छापील स्टिकर भिंतीला चिकटला.

उद्घाटनाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एक मावशी चहाचा ट्रे घेऊन तिथे थांबल्या. त्या वारली समाजातल्या, डहाणूकडच्या. चित्राकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, हा तर लग्नाचा चौक. मग देवी कुठं गेली?"

मी म्हटलं, "कुठली देवी, मावशी?"

त्यांनी लोगोकडे बोट दाखवलं. "इथं बसते ती."

रागावल्या नव्हत्या. एखाद्या घरी जावं आणि म्हातारी नेहमीच्या खाटेवर दिसू नये, तेव्हा जसं विचारतो, तसं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री वाचायला बसलो, आणि हा भाग तिथून तयार झाला.

पहिलं कमिशन: लग्नघर

'कमिशन' म्हटलं की आपल्याला दलालीच आठवते. चित्रकलेत कमिशन म्हणजे एखादं चित्र मुद्दाम सांगून, ठरवून, मोबदला देऊन करून घेणं. आणि आपल्या भागात ही पद्धत कुठल्याही कंपनीच्या आधीपासून आहे.

वारली घरात लग्न ठरलं की आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. हो, 'लिहिला'. वारली लोक चौक काढला म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. भिंत शेणाने किंवा गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला ब्रश. लिहिणाऱ्या सवाशिणी, म्हणजे सुवासिनी बायका. चौकाच्या मधोमध पालघाट देवी, पिकाची आणि सर्जनाची देवता. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न लागत नाही.

आता हे जरा आजच्या भाषेत मांडून बघा. काम सांगणारा कोण? लग्नघर. काम कोण करणार हे ठरलेलं. जागा ठरलेली, विषय ठरलेला, वेळ ठरलेली. आणि चित्र बरोबर आहे की नाही हे तपासायला अख्खा पाडा हजर. नाव लिहायची गरज नव्हती, कारण कोणाच्या हातचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांनी चौक पुसट होतो आणि पुढच्या लग्नाला नवा लिहिला जातो. म्हणजे देखभालीचाही प्रश्न सुटलेला.

गडबड कधी होते? जेव्हा हे चित्र पाड्याच्या बाहेर पडतं, जिथे लिहिणारीला कोणी ओळखत नाही. तिथे नाव, पैसे, जागा आणि देखभाल हे सगळं कोणीतरी कागदावर ठरवावं लागतं. नाही ठरवलं तर काय होतं, हेच आजच्या भागात बघायचंय.

भाभांचा १ टक्का

आता थोडं दक्षिणेला, मुंबईत कुलाब्याला जाऊ. आपल्या भागाशी संबंध आहे, थांबा.

होमी भाभा आपल्याला अणुशास्त्रज्ञ म्हणून माहीत. तारापूरचं अणुवीज केंद्र त्यांच्याच कार्यक्रमातून उभं राहिलं. पण भाभा स्वतः चित्रं काढायचे, आणि चांगली काढायचे. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, त्यांनी १९४५ मध्ये सुरू केली. कुलाब्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी १९५४ मध्ये झाली आणि १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. या काळात भाभांनी एक गोष्ट केली जी आजही अनेक कंपन्यांना जमत नाही. नेहरूंची परवानगी घेऊन त्यांनी संस्थेच्या खर्चातला १ टक्का चित्रं आणि शिल्पांसाठी बाजूला काढला.

१ टक्का ऐकायला काहीच नाही. पण लक्षात घ्या, ही बजेटमधली स्वतंत्र ओळ होती. पडदे आणि कुंड्यांच्या मधली नव्हती. इमारतीचं काम संपल्यावर उरलेल्या पैशात काय बसतंय, असा हिशेब नव्हता.

अशी कल्पना त्या काळात जगात इतरत्रही आकार घेत होती. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींसाठी १ टक्क्याचा नियम केला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये तसंच धोरण आणलं. भारतात असा सर्वसाधारण नियम नव्हता. एका संस्थेच्या प्रमुखाने हट्टाने तो आपल्यापुरता केला.

भाभांनी कोणाची चित्रं घेतली? हुसेन, आरा, गायतोंडे, हेब्बर. आज ही नावं लिलावात कोटींमध्ये बोलली जातात, तेव्हा ही मंडळी धडपडत होती. भाभा स्वतः प्रदर्शनांना जाऊन चित्रं निवडायचे. आणि मुख्य दालनातल्या मोठ्या भिंतीसाठी त्यांनी काय केलं? ओळखीतल्या एकाला फोन करून काम दिलं नाही. अनेक चित्रकारांना बोलावून त्यांच्याकडून आराखडे मागवले. त्यातून एम. एफ. हुसेन यांचा आराखडा निवडला गेला. 'भारत भाग्य विधाता' नावाचं सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच भित्तिचित्र अजून तिथे आहे. शास्त्रज्ञ सकाळी कामावर येतात ते त्याच्यासमोरून.

भाभा २४ जानेवारी १९६६ ला गेले. एअर इंडियाचं विमान आल्प्सच्या मों ब्लां शिखरावर आदळलं. तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांचा अमेरिकन कंपनीशी करार त्यांच्या हयातीत, १९६४ मध्ये झाला होता. त्यांनी व्यावसायिक वीज द्यायला सुरुवात केली १९६९ मध्ये. ती बघायला भाभा नव्हते.

पण टीआयएफआरचा संग्रह त्यांच्यामागे विखुरला नाही. चित्रांची नोंद राहिली, जतन झालं, त्यावर पुढे पुस्तकही निघालं. नोंदीचं महत्त्व काय, हे कळण्यासाठी दुसरं उदाहरण बघू.

महाराजाचा संग्रह

तेव्हाची दुसरी मोठी गिऱ्हाईक म्हणजे एअर इंडिया. जगभर त्यांची बुकिंग ऑफिसं होती आणि तिथे 'भारत' दिसायला हवा होता. १९५० च्या दशकापासून त्यांनी चित्रं घ्यायला सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या खरेदीत बी. प्रभा यांची चित्रं होती. नागपूरजवळच्या बेला गावच्या या मराठी चित्रकर्तीने पुढे कोळणी रंगवल्या. सातपाटीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा, तीच लांब मानेची, शांत चेहऱ्याची.

१९६७ मध्ये त्यांनी साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतला. हा किस्सा तुम्ही इन्स्टावर बघितला असेल. दालीने मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं आणि एअर इंडियाने बंगळूरहून स्पेनला हत्तीचं पिल्लू खरंच पाठवलं. सगळ्यांना हा हत्तीच आठवतो. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: काम सांगताना मोबदला काय, हे दोघांनी आधी ठरवलं आणि पाळलं!

पुढे संग्रह हजारोंच्या घरात गेला. चित्रं देशोदेशीच्या ऑफिसांत, साहेबांच्या केबिनमध्ये, गोदामात. आता तुम्ही कोडिंग करत असाल तर कल्पना करा, हजारो फाईल्स आहेत, प्रत्येक मशीनवर वेगळ्या, आणि कुठे काय आहे याची एकच पक्की यादी नाही. मग काय होणार? १९९१ मध्ये चित्रकार जतीन दास यांच्याकडून एअर इंडियाने 'फ्लाइंग अप्सरा' हे चित्र घेतलं होतं. २०१७ मध्ये ते बाहेर विक्रीला आल्याचं खुद्द जतीन दास यांच्याच लक्षात आलं. चित्र गेलंय हे मालकाच्या आधी चित्रकाराला कळलं!

शेवटी कंपनी विकली गेल्यावर हा संग्रह २०२३ मध्ये केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडे सोपवण्यात आला. शेवट बरा झाला म्हणायचा. पण दोन संस्थांमधला फरक बघा. चित्रं दोघांनीही हौसेने घेतली. नंतर सांभाळायचं काम कोणाचं, हे जिथे पक्कं होतं तिथे संग्रह शाबूत राहिला.

पाडलेली भिंत आणि एक खटला

आता विचाराल, चित्र विकत घेतलं, पैसे दिले, मग मालक त्याचं काहीही करू शकतो ना? मलाही तसंच वाटत होतं.

दिल्लीत विज्ञान भवन आहे. तिथे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्याकडून सरकारने १९५७ मध्ये एक भित्तिशिल्प मागवलं. कांस्याचं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. अनेक वर्षं राबून त्यांनी ते पूर्ण केलं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या कामात ते उतरवलं आणि तुकडे गोदामात टाकले. शिल्पकाराला विचारलंही नाही. सेहगल कोर्टात गेले. निकाल लागला २००५ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शिल्पाचे अवशेष सेहगल यांना परत करा आणि ५ लाख रुपये भरपाई द्या.

कशाच्या आधारावर? कॉपीराईट कायदा १९५७, कलम ५७. चित्र विकलं, अगदी कॉपीराईटही विकला, तरी दोन हक्क कलाकाराकडेच राहतात. एक, 'हे मी केलंय' असं सांगण्याचा. दुसरा, आपल्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी तोडमोड थांबवण्याचा. चित्र भिंतीवर लावलंच पाहिजे, अशी सक्ती मात्र हा कायदा करत नाही.

आता याच कायद्यातली दुसरी बाजू, जी चित्रकारांना सहसा कोणी सांगत नाही. कलम १७. कोणी पैसे देऊन चित्र सांगून काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराईटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे कंपनीने डहाणूच्या चित्रकाराकडून एक भिंत रंगवून घेतली, कागद काही केला नाही, आणि पुढच्या दिवाळीला तेच चित्र डायरीवर, मगवर, कॅलेंडरवर छापलं, तर चित्रकाराच्या हातात फार काही राहत नाही. करारात एक ओळ असती, 'फक्त या भिंतीपुरतं', तर गोष्ट वेगळी झाली असती. एका ओळीचा फरक.

गंजाडचा माणूस

चला, परत घरी येऊ.

१९७० च्या आसपासचा काळ. तारापूरच्या अणुभट्ट्या नुकत्याच चालू झाल्या होत्या. त्याच सुमारास डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर एक माणूस कागद आणि पांढरा रंग घेऊन फिरत होता. भास्कर कुलकर्णी त्याचं नाव. स्वतः चित्रकार. याआधी १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकला मंडळाने त्यांना मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायका भिंतींवर जे काढायच्या ते त्यांनी कागदावर काढावं आणि त्यातून चार पैसे मिळावेत, ही कल्पना. या सगळ्यामागे पुपुल जयकर होत्या. मधुबनीनंतर कुलकर्णी आपल्याकडे आले.

गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि या मुलाचं बोलणंच थांबलं. मातीत चित्रं काढून तो लोकांना काय हवंय ते सांगायचा, असं सांगतात. भिंतीवर लिहिणं हे बायकांचं काम, पण हा पुरुष रोज काढायचा. लग्न असो वा नसो. विषय चौकाच्या बाहेर गेले: मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, भाताची कापणी, तारप्याभोवतीचा गोल नाच.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्या कामासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले.

यात मला दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, सरकारी खात्याने नीट माणूस पाठवला, त्याने कागद दिला, पैसे दिले आणि नाव पुढे आणलं. म्हणून आज आपण 'जिव्या सोमा म्हसे' म्हणतो, 'एक आदिवासी कलाकार' म्हणत नाही. दोन, चित्र भिंतीवरून कागदावर आलं तेव्हा ते बायकांच्या हातातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हातात गेलं. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी किती जणींची नावं आपल्याला येतात? मला एकही येत नव्हतं.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय टॅग म्हणतो. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. पण जीआय काय करतो ते समजून घ्या. तो 'वारली' या नावाचं रक्षण करतो. अमुक भिंतीवरचं अमुक चित्र कोणी काढलं, त्याला किती पैसे मिळाले, हे तो बघत नाही. ते काम करारालाच करावं लागतं.

त्याच २०१४ मध्ये मुंबई विमानतळाचं टर्मिनल २ सुरू झालं. सुमारे ३ किलोमीटर लांबीची कलेची भिंत, नाव 'जय हे', संकल्पना राजीव सेठी यांची. देशभरातल्या शेकडो कारागिरांचं आणि कलाकारांचं काम तिथे आहे. इमारत आखतानाच कलेची जागा आखली, म्हणून हे शक्य झालं. भिंत बांधून, रंगवून, एसीची पाईप टाकून झाल्यावर 'आता इथे काहीतरी लावा' म्हटलं असतं, तर तिथेही व्हिनाईलच आलं असतं.

मग आपल्या भिंतीचं काय?

मावशींच्या प्रश्नानंतर मी त्यांच्याशी बोललो. त्यांच्या नणंदेच्या लग्नात त्यांनी स्वतः चौक लिहिलाय. म्हणजे आमच्या ऑफिसमध्ये, पंचवीस पावलांवर, ते काम येणारी बाई होती आणि आम्ही मुंबईच्या व्हेंडरकडून इंटरनेटवरची फाईल छापून घेतली. मी विचारलं, "मावशी, तुम्ही काढाल का रिसेप्शनला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "चौक लग्नाशिवाय नाही लिहीत, दादा. दुसरं काही सांगा."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. आपण समजतो, सगळं विकत मिळतं, फक्त दर ठरवायचा. पण काही चित्रं ऑफिसच्या भिंतीसाठी नसतात, आणि ते कोणतं हे आधी विचारावं लागतं. शेत, समुद्र, तारपा, बाजार, लोकल ट्रेनसुद्धा चालेल. वारली चित्रकार आज ट्रेन आणि विमानंही काढतात. लग्नाचा चौक मात्र लग्नाचाच.

मग मी एक पानाचा प्रस्ताव लिहिला, कॅन्टीनच्या भिंतीसाठी. त्यातले मुद्दे सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी सोसायटीत, शाळेत, ग्रामपंचायतीत, कंपनीत अशा समितीवर असेल.

पहिला, बजेटमध्ये स्वतंत्र ओळ. डेकोरमध्ये नाही, 'कलाकाराचं मानधन' म्हणून. साहित्य, मचाण, प्रवास वेगळे.

दुसरा, दोन-तीन चित्रकारांकडून कच्चे आराखडे मागवायचे आणि ज्यांचं निवडलं नाही त्यांनाही आराखड्याचे पैसे द्यायचे. फुकटात सँपल मागणं आपल्याला आयटीमध्ये आवडत नाही, मग त्यांना का आवडेल?

तिसरा, भिंतीची तयारी. बोईसर-तारापूरला खारी हवा, पावसाळ्यात ओल, त्यात केमिकल कंपन्यांचा धूर. तांदळाचं पीठ तर सोडाच, साधा ॲक्रिलिकही ओलीच्या भिंतीवर पापुद्रे धरतो. आधी ओल काढा, अस्तर लावा. नाहीतर कॅनव्हासवर करून घ्या आणि फ्रेम लावा.

चौथा, लेखी करार. मराठीत, दोन पानं पुरे. किती पैसे, किती हप्त्यांत, आगाऊ किती. चित्र फक्त भिंतीपुरतं की छापायलाही वापरणार, आणि छापणार असाल तर त्याचे वेगळे पैसे. भिंत पाडायची वेळ आली तर आधी कळवायचं.

पाचवा, नावाची पाटी. चित्रकाराचं नाव, पाड्याचं नाव, वर्ष. चौघांनी मिळून काढलं असेल तर चौघांची. घरातल्या बायकांनी हात लावला असेल तर त्यांचीही.

सहावा, एक रजिस्टर. चित्र कुठे आहे, कोणी काढलं, कधी पुसलं, कोण जबाबदार. एक एक्सेल शीट पुरते. एअर इंडियाची गोष्ट आठवा.

आणि चित्र कंपनीच्या आत नसून गावातल्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर करायचं असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात सीएसआरच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचं संवर्धन आहे. आपल्या एमआयडीसीत सीएसआर करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना हे माहीत असतं, कोणीतरी विचारावं लागतं एवढंच.

प्रस्ताव साहेबांना दिला. ते म्हणाले, "चांगलं आहे, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू." नोकरी करणाऱ्यांना 'बघू'चा अर्थ माहीत आहे. पण मी नवीन शीट उघडून बघितली तर 'पडदे' आणि 'कुंड्या' यांच्यापासून दूर, एक वेगळी ओळ आली आहे. 'कलाकार मानधन: कॅन्टीन भिंत'. पुढचा रकाना अजून रिकामा आहे. तो भरेपर्यंत मी दर महिन्याला आठवण करणार आहे.

रिसेप्शनचा स्टिकर अजून तिथेच आहे. लोगोचा चौकोन तरी चौकातून काढा, असं मी लेखी मागितलंय. रोज सकाळी कार्ड पंच करताना मी त्याच्यासमोरून जातो. अंगठा मीच दाखवला होता, तेव्हा दुसऱ्या कोणाला बोल लावता येत नाही.

तुम्हाला या आठवड्यासाठी एकच काम. स्टेशन, बँक, तहसील, शाळा, हॉटेल, जिथे भिंतीवर वारली चित्र दिसेल तिथे सेल्फीआधी खालच्या कोपऱ्यात बघा. नाव आहे का? असेल तर मोठ्याने वाचा आणि आम्हाला पाठवा, पुढच्या भागात आपण ती नावं घेऊ. नसेल तर तिथे बसलेल्या माणसाला एवढंच विचारा, "हे कोणी काढलं हो?"

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि लोकलच्या दारात लोंबकळू नका!